डिस्क_तुलना_अंतिम_खरंच_अंतिम

टेबलाखालून आवाज आला तेव्हा आई म्हणाली, "पाल चुकचुकली," आणि सवयीने तिने टेबलावर बोटं वाजवली. मी तिथेच बसून गेल्या आठ वर्षांची विजेची बिलं एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवत होतो. अशी कामं मी रविवारी करतो आणि संध्याकाळी दमलो म्हणून सांगतो. आवाज पुन्हा आला. टक्. जरा थांबून, टक्-टक्. पाल इतक्या शिस्तीत चुकचुकत नाही. वाकून पाहिलं तर आवाज कॉम्प्युटरच्या डब्यातून येत होता.

भाच्याला फोन लावला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे बिघडलेल्या वस्तूंच्या बाबतीत आमच्या घराण्याचं सुप्रीम कोर्ट. डॉक्टरला खोकला ऐकवावा तसा मी मोबाइल डब्याला लावून त्याला आवाज ऐकवला.

"मामा, हार्ड डिस्क चालली."

"चालतेय ना? मग हरकत नाही."

"चालतेय नाही, चालली. निघाली. बॅकअप आहे ना तुझ्याकडे?"

"आहे की," मी म्हणालो. 'पीयूसी आहे का' या प्रश्नाला जसं म्हणतात तसं.

अगदीच खोटं नव्हतं ते. 2004 ते 2009 या काळात मी दर दिवाळीला सगळे फोटो सीडीवर उतरवत असे. एका सीडीत 700 एमबी. वर मार्करने तारीख, प्रसंग आणि 'जपून' असं लिहीत असे. पुढे नव्या कॉम्प्युटरला सीडी घालायची फटच नाही म्हटल्यावर बायकोने त्यांना कामाला लावलं. सध्या त्या बाल्कनीत दोऱ्याला टांगलेल्या आहेत, कबुतरं येऊ नयेत म्हणून. वारा सुटला की मुलीचं बारसं आणि दापोलीची सहल गरगर फिरतात. कबुतरं त्यांच्याकडे बघत बघत अंडी घालतात.

संध्याकाळी भाचा घरी आला आणि त्याने मला आत काय चाललंय ते समजावलं. डिस्कच्या आत गुळगुळीत तबकड्या असतात. घरगुती डिस्कमध्ये त्या साधारणपणे मिनिटाला 5400 वेळा फिरतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यावरून तरंगत जातं. मधलं अंतर काही नॅनोमीटर. आपला केस हजारो नॅनोमीटर जाड. टेकायचं नाही आणि लांबही जायचं नाही. इतक्या वेगात इतकं खेटून जाऊनही न घासणं मी फक्त लक्ष्मी रोडला धनत्रयोदशीच्या संध्याकाळी रिक्षावाल्यांना जमलेलं पाहिलं आहे. त्यांचंही कधीतरी घासतंच.

"तेच झालंय. डोक्याला जागा सापडत नाहीये, म्हणून ते परत परत मागे येतंय. आजच एक एक्स्टर्नल डिस्क आण आणि सगळं काढून घे."

"आणतो," मी म्हणालो. "पण जरा अभ्यास करून."

हे वाक्य ऐकून बायको आत निघून गेली. आमच्याकडे अभ्यास करून मिक्सर आणला होता. तो येईपर्यंत पाच महिने चटणी पाट्यावर वाटली गेली, आणि वाटणारा मी नव्हतो.

खरं तर डिस्क घ्यायला मी पूर्वीही निघालो होतो, 2011 च्या अखेरीस. नेमका त्याच सुमारास थायलंडमध्ये महापूर आला. जगातल्या हार्ड डिस्कचा मोठा वाटा तिथे बनतो. कारखान्यांत पाणी शिरलं आणि भाव भडकले. 'उतरले की घेऊ' म्हणून मी दुकानाच्या पायरीवरून परत फिरलो. यथावकाश थायलंडचं पाणी ओसरलं आणि भावही ओसरले. मी 'अजून उतरतील' म्हणून थांबलो तो थांबलोच.

आता मात्र घाई होती, म्हणून त्याच रात्री मी एक्सेलमध्ये तक्ता आखायला घेतला. आधी पाच रकाने होते: कंपनी, किती टीबी, किंमत, वॉरंटी, रंग. ('टीबी' या शब्दावर आईने केलेला विनोद इथे देत नाही, तुम्हालाही तोच सुचला असेल.) आठवड्याभरात रकाने सतरा झाले. मरणाऱ्या डिस्कला फार त्रास नको म्हणून मी कॉम्प्युटर फक्त तक्ता भरण्यापुरता चालू करत असे. ती टकटक करायची आणि मी तिच्या वारसदारांची माहिती तिच्याच अंगावर लिहायचो. मृत्युपत्रसुद्धा माणूस यापेक्षा थोडं आडोशाला जाऊन करतो.

पहिला पेच, हार्ड डिस्क घ्यायची की एसएसडी. एसएसडीत फिरणारं काही नसतं. आवाज नाही, हातातून पडली तरी सहसा काही होत नाही, आणि वेग असा की नातेवाईक निघतो म्हणाले की खरंच निघावेत. पण तेवढीच जागा घ्यायची तर पैसे कितीतरी जास्त. शिवाय तिला वर्षानुवर्षं वीज न देता नुसतंच कपाटात ठेवलं तर आतली माहिती हळूहळू विरू शकते. थोडक्यात, हार्ड डिस्क पडली की विसरते आणि एसएसडी पडून राहिली की विसरते. आमच्या घरात वस्तू पडतातही आणि पडून राहतातही, त्यामुळे या रकान्यापाशी मी नऊ दिवस अडकलो.

मग कुठेतरी एसएमआर हा शब्द वाचला आणि झोप उडाली. स्वस्त डिस्कमध्ये जास्त माहिती मावावी म्हणून लिहिण्याच्या ओळी एकमेकींवर थोड्या चढवून घालतात, कौलांसारख्या. एक ओळ बदलायची तर तिच्या शेजारच्याही उचलून पुन्हा लिहाव्या लागतात. हे मी जेवताना सगळ्यांना सांगितलं. आई कोकणातली. ती म्हणाली, "मग पावसाच्या आधी चाळून द्यायची कोणी? दुकानदार येतो का?" भाचा म्हणाला, "महिन्यातून एकदा फोटो टाकायला त्याने काही फरक पडत नाही, मामा." मी त्या विषयाला दोन रकाने दिले होते. ते काढले नाहीत. बिचारे आता भरून झाले होते.

अभ्यासात माणूस भरकटतो. एका रात्री मला कळलं की 1956 साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तिच्यात दोन-दोन फूट रुंदीच्या 50 तबकड्या होत्या, वजन टनाच्या वर होतं, आणि मावत होती सुमारे 50 लाख अक्षरं. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर सकाळी जो नाचणारा गणपती येतो तो एकटा तेवढी जागा खातो. रात्री दीड वाजता मी हे बायकोला उठवून सांगितलं. तिने डोळे न उघडता विचारलं, "डिस्क ठरली का?"

तिसऱ्या आठवड्यात मी लोकांचे अभिप्राय वाचायला घेतले. प्रत्येक डिस्कला पाच तारे देणारे हजारो लोक होते, आणि त्यातले निम्मे लिहीत होते, 'पार्सल वेळेवर आलं, पेटी छान आहे.' पेटी उघडायच्या आधीच तारे वाटले होते. एक तारा देणारेही होते. त्यातल्या एकाची डिस्क तीन महिन्यांत मेली होती आणि दुसऱ्याला निळा रंग फोटोतल्यासारखा वाटला नव्हता. मी दोघांचंही दुःख सारख्याच गांभीर्याने टिपून घेतलं. शेवटी कुठलीही डिस्क घेतली तरी ती जाणार आणि कुठलीही घेतली तरी ती उत्तम, असा निष्कर्ष निघाला. हा निष्कर्ष आमच्या भाचीच्या स्थळांच्या वेळीही निघाला होता.

राहता राहिला आकार. 1 टीबी घ्यावी तर 2 चे पैसे काही दुप्पट नसतात. 2 घ्यावी तर थोडे आणखी घातले की 4. पोर्टेबलमध्ये 5 सुद्धा मिळते म्हटल्यावर मला 4 मध्ये घुसमटल्यासारखं व्हायला लागलं. वन बीएचके बघायला गेलेला माणूस संध्याकाळी थ्री बीएचकेच्या गॅलरीत उभा राहून डोंगर बघतो, तसं माझं झालं होतं. तेव्हा बायकोने एक साधा प्रश्न विचारला.

"आपल्याकडे आहे किती?"

पाच आठवड्यांत हे मी पाहिलंच नव्हतं. पाहिलं. सगळं मिळून 412 जीबी.

त्यात काय होतं म्हणाल, तर आमच्या लग्नाचा व्हिडिओ होता. तो 4 जीबीपेक्षा मोठा असल्यामुळे पेनड्राइव्हवर घेता येत नव्हता. पेनड्राइव्हमध्ये जागा होती 32 जीबी, पण त्याची जुनी एफएटी 32 पद्धत एका फाइलला 4 जीबीच्या वर घरात घेत नाही. बायकोने हे ऐकून "बरंच आहे" म्हटलं. मग ताम्हिणीच्या धुक्यातले 214 फोटो होते, ज्यांत धुक्याशिवाय काही नव्हतं. 'नवीन फोल्डर' नावाचे एकतीस फोल्डर होते. 'डेस्कटॉपवरचं सगळं' असा एक फोल्डर होता आणि त्याच्या आत 'जुन्या डेस्कटॉपवरचं सगळं' असा दुसरा. सोसायटीच्या पार्किंगबाबतचा अर्ज, अर्ज_अंतिम, अर्ज_अंतिम_2 आणि अर्ज_हाच_द्यायचा, असे चार होते. दिला होता कुठला, हे त्या चौघांपैकी कोणालाच सांगता येत नव्हतं.

"यातलं निम्मं काढून टाकलंस तर एखाद्या मोठ्या पेनड्राइव्हवर बसेल," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा त्या विषयाला गेली नाही. धुकं असलं म्हणून काय झालं, ते आपलं धुकं आहे.

त्या रविवारी भाचा जेवायला होता. मी सतरा रकाने दाखवले. त्याने वाटीतली आमटी संपेपर्यंत ते वाचले आणि म्हणाला, "यात एक रकाना नाहीये. एकच डिस्क घेऊन भागत नाही. तीन-दोन-एक असा नियम आहे."

"म्हणजे?"

"कुठल्याही गोष्टीच्या तीन प्रती. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर. आणि त्यातली एक घराबाहेर. म्हणजे आग लागली, चोरी झाली, तरी कुठेतरी राहते."

आई लोणचं वाढत होती. म्हणाली, "हे तुम्हाला कॉलेजात शिकवतात होय?"

मग तिने सांगितलं. कैरीचं लोणचं ती जूनमध्ये एकदाच घालते. मोठी चिनी मातीची बरणी, तोंडाला दादरा बांधून, माळ्यावर. तिला वर्षभर कोणी हात लावायचा नाही. तिच्यातलं थोडं काचेच्या बरणीत, रोजच्या टेबलावर. आणि एक बरणी ताईकडे, नाशिकला. मागे एका वर्षी कोणीतरी ओला चमचा घातला (सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं) आणि टेबलावरच्या बरणीला बुरशी आली. त्याच वर्षी उंदराने माळ्यावरची बरणी पाडली. तेव्हा नाशिकहून लोणचं परत मागवलं होतं.

भाचा घास हातात धरून थांबला. "तीन प्रती. काच आणि चिनी माती. एक घराबाहेर. आजी, तू हे कधीपासून करतेस?"

"लग्न झाल्यापासून. सासूबाईंनी सांगितलं होतं. आणि काम झालं की झाकण लावायचं, हे पण लिही तुझ्या मामाच्या कागदावर."

तेही बरोबर निघालं. डिस्क सतत कॉम्प्युटरला जोडून ठेवली तर कॉम्प्युटरला लागलेला व्हायरस तिच्यातही उतरतो. काम झालं की काढून ठेवायची. मी अठरावा रकाना घातला: झाकण. भाच्याने जाता जाता सांगितलं की 31 मार्चला जागतिक बॅकअप दिन असतो, म्हणजे 1 एप्रिलला मूर्ख ठरायला नको. निदान तेवढं तरी गाठ. ज्याने ही तारीख ठरवली त्याने हिशेब खात्यात कधी नोकरी केलेली नसावी. 31 मार्चला आमच्या ऑफिसात माणसाला स्वतःचा बॅकअप नसतो.

सातव्या शनिवारी टकटकीचं रूपांतर करकरीत झालं आणि मी तक्त्याची चार पानं छापून तपकीर गल्लीत गेलो. तपकिरीचं नाव लावणाऱ्या या गल्लीत आता वायरी, बल्ब, स्पीकर आणि कॉम्प्युटरचं सामान मिळतं. शिंका तेवढ्या जुन्या परंपरेला धरून येतात. दुकानातल्या मुलाने मान वर न करता विचारलं, "काका, किती टीबी?"

मी चार पानं काउंटरवर पसरली. त्याने पहिल्या पानावर चहाचा ग्लास ठेवला.

"यातली कुठली आहे तुमच्याकडे?"

त्याने ग्लास उचलून पाहिलं. "यातली एकही नाही. ही आहे."

"हिचा अभ्यास नाही झालेला माझा."

"मग करून या. आठ वाजेपर्यंत उघडं आहे."

"ही 1 टीबी म्हणजे पूर्ण 1 टीबी भरते ना?"

"लावली की 931 दिसणार."

"उरलेली 69 कुठे गेली?"

"कुठे नाही गेली. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर 1024 ने मोजतो. फ्लॅट घेतला नाही का कधी, काका? पेटीवर सुपर बिल्टअप, आत कार्पेट."

सात आठवड्यांत मला एवढं लख्ख कोणी सांगितलं नव्हतं. मी शेवटचा प्रश्न विचारला. "वॉरंटी?"

"तीन वर्षं. बिघडली तर डिस्क बदलून मिळेल."

"आणि आतले फोटो?"

"फोटो नाही. नवी डिस्क."

म्हणजे मांडवातून नवरदेव हरवला तर फेटा बदलून मिळणार होता. रंग विचारला तर म्हणाला काळा. दुसरा विचारला तर त्याने आतून आणखी एक पेटी आणली, तीही काळीच. पाच हजारांच्या आसपास पैसे मोजून मी बाहेर पडलो. पाच मिनिटं लागली. त्यातली दोन सुट्ट्यांत गेली.

घरी येऊन डिस्क लावली. कॉम्प्युटरने सांगितलं, 2 तास बाकी. मग म्हणाला 19 तास. मग एकदम 6 मिनिटं, आणि मी चहा टाकेपर्यंत 31 तास. ही भाषा मला ओळखीची आहे, आमचा सुतार अशीच बोलतो. रात्री भाच्याने फोनवर विचारलं, "कुठल्या भोकात लावलीस? काळ्या की निळ्या?" काळ्या. "निळ्यात लाव, काळं जुनं असतं." निळ्यात लावली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग 'या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का?' हा प्रश्न सुरू झाला. पहिल्या शंभर वेळा मी दोन्ही फाइली उघडून, ताडून उत्तर दिलं. नंतर 'सगळ्यांना हो' असं एक बटण दिसलं. पुढे दोन-तीनदा जुन्या डिस्कने हाय खाल्ली, एकदा सकाळी लाइट गेले, एकदा मोलकरणीने झाडताना वायर काढून व्यवस्थित गुंडाळून ठेवली. पण चौथ्या दिवशी रात्री 412 च्या 412 जीबी पलीकडे गेल्या. धुक्यासकट.

मला फार हलकं वाटलं. बिचारी जुनी डिस्क, इतकी वर्षं सगळ्या घराचं ओझं वाहून दमली होती. म्हटलं, आता हिला मोकळं करावं. मी तिच्यावरचं सगळं निवडलं, डिलीट केलं, रिसायकल बिनही रिकामा केला. करकर जरा कमी झाल्यासारखी वाटली. एक तेवढा तक्ता डेस्कटॉपवर राहू दिला, पुढे कोणाला लागला तर. तसा तो सुरक्षितच होता. दर आठवड्याला मी तो स्वतःला, बायकोला, भाच्याला आणि ऑफिसातल्या दोघांना ई-मेल करत होतो. मग नवी डिस्क काढली, आईने दिलेल्या मऊ फडक्यात गुंडाळली आणि झाकणाच्या डब्यात घालून कपाटात ठेवली.

रविवारी भाचा आला. "झालं का, मामा?"

"झालं. सगळं नव्या डिस्कवर आहे. झाकण लावून."

"वा! म्हणजे आता दोन्हीकडे आहे."

मी पाणी प्यायलो.

"दोन्हीकडे आहे ना, मामा?"

"दोन्हीकडे कशाला? इकडची जागा मोकळी केली ना मी."

भाचा काही बोलला नाही. बायकोने कपाळाला हात लावला. आई लोणच्याची बरणी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे लोणचं सगळं नव्या बरणीत ओतलंस," ती म्हणाली, "आणि जुनी धुऊन पालथी घातलीस?"

भाचा चप्पल घालून दारात उभा राहिला. म्हणाला, गल्ली आज बंद असते, पण उद्या सकाळी उघडायच्या आत आपण दोघं दुकानासमोर उभे राहू, आणि कुठली आहे ती घेऊ. मी हो म्हणालो. मग तो जिना उतरेपर्यंत सहज म्हणून तक्ता उघडला. किमतीचा रकाना दोन आठवडे जुना झाला होता.